बास्क लोकगीतं आणि डोंगर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बास्क गाण्यांबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. लिहिणाऱ्यांत ट्रेकर मंडळी बरीच असल्यामुळे डोंगरांचे प्रश्न जास्त आहेत. पहिले तीन प्रश्न अगदी नवख्यांसाठी आहेत. ज्यांना हा भाग ओळखीचा आहे त्यांनी थेट चौथ्यापासून वाचायला हरकत नाही.

१. बास्क लोक नक्की कुठले? स्पेनचे की फ्रान्सचे?

दोन्हीकडचे. बिस्केचा उपसागर आणि पिरेनीज पर्वताचं पश्चिम टोक जिथे एकमेकांना भिडतात, तो हा मुलूख. परंपरेनं त्याचे सात प्रांत मानले जातात. बिस्काइया, गिपुस्कोआ, आराबा आणि नाफारोआ (नकाशावर नवार) हे चार स्पेनमध्ये, तर लापुर्दी, खालचा नाफारोआ आणि सुबेरोआ हे तीन फ्रान्समध्ये. स्पेनमधल्या पहिल्या तीन प्रांतांचा मिळून स्वायत्त बास्क प्रदेश होतो. नाफारोआ त्यात नाही, त्याचा कारभार वेगळा चालतो.

गाण्यांची आवड असेल तर सुबेरोआ हे नाव लक्षात ठेवा. सातांतला हा सर्वांत कमी वस्तीचा आणि सर्वांत पूर्वेकडचा डोंगरी प्रांत. पण जुन्या गाण्यांचा साठा पाहिला तर बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून मत्सर करावा. पुढच्या उत्तरांत तो वारंवार भेटेल.

२. बास्क भाषेला खरंच कोणी नातेवाईक नाही?

आज जिवंत असलेल्या कुठल्याही भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. स्पॅनिश आणि फ्रेंच दोन्ही लॅटिनच्या लेकी. बास्क भाषा, म्हणजे एउस्कारा, लॅटिन येण्याच्या आधीपासून तिथे बोलली जात होती. तिची रोमन काळातली पूर्वज भाषा दक्षिण फ्रान्समधल्या शिलालेखांतल्या नावांत सापडते.

गाण्यांच्या दृष्टीनं याला महत्त्व आहे, कारण बास्क माणूस स्वतःला जे नाव देतो त्याचा अर्थच ‘ज्याच्याकडे बास्क भाषा आहे तो’ असा होतो. ओळख आधी भाषेची, मग मातीची. म्हणून गाण्यात डोंगराचं नाव एकदाही आलं नाही तरी ते बास्कपणाचं गाणं असू शकतं. याला एक मोठा अपवाद आहे, तो प्रश्न १२ मध्ये.

३. तिथले डोंगर किती उंच आहेत? आल्प्ससारखे का?

नाही. बहुतेक डोंगर आपल्या सह्याद्रीच्या मापाचे आहेत. बिस्काइया आणि आराबाच्या सीमेवरचा गोर्बेइया १,४८२ मीटर आणि देवी मारीचं घर मानला जाणारा आन्बोतो १,३३१ मीटर, म्हणजे दोन्ही कळसूबाईपेक्षा ठेंगणे. समुद्राजवळचा लारून तर जेमतेम ९०५ मीटर. पूर्वेला सरकत गेलं की उंची वाढते, आणि सुबेरोआच्या सीमेवरचा ओरी २,००० मीटर ओलांडतो. ओरीच्या पाखराला ओरीवरच करमतं, अशी एक जुनी म्हण सगळ्या बास्क मुलखात ठाऊक आहे.

उंची कमी असली तरी हे डोंगर घराच्या मागेच उभे असतात. बिस्काइयात पाच शिखरांवर आग पेटवून आणि शिंगं फुंकून गेर्निका गावात भरणाऱ्या प्रांताच्या सभेची वर्दी देत असत. सोल्लुबे, ओइस, गोर्बेइया, गानेकोगोर्ता आणि कोलित्सा ही ती पाच शिखरं. सभा कधी भरणार हे डोंगरानं सांगायचं.

४. डोंगरप्रेमाची लोकगीतं शोधतोय, पण सगळी प्रेमगीतंच सापडतात. चुकतंय कुठे?

कुठेच चुकत नाही. जुन्या बास्क गाण्यांत डोंगर हा सहसा विषय नसतो. तो वाटेत आडवा येतो.

सर्वांत लाडकं उदाहरण पांढऱ्या कबुतराचं. ‘उर्सो शुरिया, एरासु, नोरात योआइतेन सिरा सु?’ अशी सुरुवात आहे. कोणीतरी कबुतराला विचारतं : पांढऱ्या कबुतरा, सांग, कुठे निघालास? स्पेनचे डोंगर सगळे बर्फानं भरलेत, आज रात्री आमच्याच घरी मुक्काम कर. कबुतर उत्तर देतं की मला ना बर्फाची भीती, ना काळोख्या रात्रीची. जिच्यावर जीव जडलाय तिच्यासाठी मी रात्री काय, दिवस काय, रानं आणि उजाड माळ सगळं पार करीन. आता नकाशा उघडा. ‘स्पेनचे डोंगर’ म्हणणारा माणूस उघडच फ्रान्सच्या बाजूला उभा आहे. दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात रानकबुतरांचे थवे पिरेनीजच्या खिंडींतून दक्षिणेला जातात. नाफारोआतल्या एचालार गावाच्या खिंडीत ती आजही जाळ्यांत पकडतात. मचाणावरचे लोक पांढऱ्या लाकडी फळ्या हवेत भिरकावतात, कबुतरांना वाटतं ससाणा झेपावला, ती जमिनीलगत सूर मारतात आणि जाळ्यात जातात. गाण्यातल्या मुक्कामाच्या आमंत्रणाला हेही अस्तर आहे. ‘आमच्या घरी राहा’ म्हणणारा नक्की कोण, हे मला ऐकताना दर वेळी खटकतं.

दुसरं एक बिस्काइयातलं चारोळीवजा गाणं : वरच्या डोंगरावर बर्फ, ओढ्याकाठी गोठलेलं पाणी, मी तुझ्यातून सुटलो आणि मन कसं खूश आहे! डोंगर फक्त हवामान सांगायला आला, पुढचा सगळा मामला काडीमोडाचा. तिसऱ्यात रात्री प्रेयसीकडे निघालेला गडी चंद्राला विनवतो की बाबा रे, अजून लांबचा पल्ला आहे, जरा उजेड दे.

जे लोक रोज डोंगर चढून-उतरून पोट भरतात त्यांच्या गाण्यात डोंगर म्हणजे बर्फ, वाट, पाणी, पल्ला. डोंगर ‘प्रिय’ आहे असं तोंड भरून म्हणायला तो सोडून जावा लागला. ते गाणं प्रश्न ७ मध्ये आहे.

५. म्हणजे डोंगराची थेट स्तुती करणारं एकही जुनं गाणं नाही?

आहेत, पण मोजकी, आणि बहुतेक सुबेरोआतली. सर्वांत प्रसिद्ध आहे ते आहुस्की या ठिकाणाचं. आहुस्की म्हणजे वरच्या कुरणांतली झऱ्यांची जागा. गाणं म्हणतं की वर आहुस्कीला पाणी काय झकास आहे! आणि लगेच दुसऱ्या श्वासात : तिथे देखण्या पोरीही दिसतात, तिघी तर अशा की अख्ख्या खालच्या नाफारोआत त्यांना जोड नाही. स्तुती पाण्यापासून सुरू होऊन कुठे पोचते ते बघा.

दुसरं गरुडांचं. उंच डोंगरांत गरुड पंख पसरून वर वर जातात. मीही एके काळी बायकांच्या संगतीत मिरवत होतो, आता मात्र डोळ्यांतलं पाणी खळत नाही. गरुडाची उंची इथे फक्त माणसाची पडझड मोजायला वापरली आहे.

६. मेंढपाळांची म्हणून वेगळी गाणी असतात का? आणि ती किंकाळीसारखी आरोळी काय असते?

त्या आरोळीला इरिन्त्सी म्हणतात. एका दमात, आवाज चढवत नेऊन शेवटी घोड्याच्या खिंकाळण्यासारखा किंवा हसल्यासारखा तुटणारा हा सूर. एका डोंगरावरून दुसऱ्यावर पोचेल इतका तो टोकदार असतो. आता तो जत्रेत, लग्नात, नाचाच्या शेवटी ऐकू येतो आणि त्याच्या स्पर्धाही होतात.

सुबेरोआत शब्द नसलेल्या चालीही आहेत. मेंढपाळ त्या मोकळ्या, तालात न बांधलेल्या सुरात गातात, आणि त्यांतल्या काहींचं नातं थेट गरुडाच्या घिरट्यांशी जोडलं जातं. गाणारा हातानं पक्ष्याची गिरकी दाखवत जातो. मला विचाराल तर डोंगराचं सर्वांत खरं गाणं हेच. अर्थ लावायला शब्दच नसल्यामुळे संग्रहांत त्याला जागा मात्र कमी मिळाली.

वाद्यांत आल्बोका ऐकाच. दोन नळ्या, दोन्ही टोकांना गाईचं शिंग, आणि गालात हवा साठवून सूर न तोडता वाजवायचं. गोर्बेइयाच्या परिसरातल्या गुराख्यांनी आणि मेंढपाळांनी ते टिकवलं. आर्तेआ गावचे लेओन बिल्बाओ (१९१६–१९९०) यांचं नाव त्यात आधी घेतात. डोंगरावरच्या देवळांच्या जत्रांत, उदाहरणार्थ उर्किओलाला, छोटी बाजाची पेटी (अ‍ॅकॉर्डियन) आणि डफ यांची जोडी असते. या पेटीला पाद्री लोक नरकाचा भाता म्हणत, कारण तिच्या तालावर तरुण जोड्या एकमेकांना चिकटून नाचत.

७. ‘गेर्निकाचं झाड’, ‘प्रिय डोंगर’, पक्ष्याचे पंख कापण्याचं ते गाणं – ही लोकगीतंच ना?

तिन्हींचे कवी माहीत आहेत, तेव्हा काटेकोरपणे नाही. पण लोकांनी ती इतकी आपलीशी केली आहेत की हा भेद तिथे फारसा कोणी पाळत नाही.

पहिल्या दोन्हींचा कर्ता होसे मारिया इपारागिरे (१८२०–१८८१), उरेचू गावचा. पोरवयात कार्लिस्ट युद्धात (स्पेनच्या गादीवरून झालेल्या यादवीत) गेला, हरला, गिटार घेऊन युरोपभर भटकला. १८५३ मध्ये माद्रिदच्या एका कॅफेत त्यानं गेर्निकाच्या ओकवृक्षावरचं गाणं पहिल्यांदा म्हटलं. या झाडाखाली बिस्काइयाचे राज्यकर्ते स्थानिक हक्क पाळण्याची शपथ घेत. गाणं इतकं पेटलं की सरकारला ते दंग्याचं कारण वाटलं. पुढे तो दक्षिण अमेरिकेत गेला, तिथे मेंढ्या राखल्या, आणि १८७७ मध्ये परतला. सरहद्दीवरच्या हेन्दाइयाला पोचल्यावरचं गाणं असं : ते बघा प्रिय डोंगर, ती बघा कुरणं, पांढरीशुभ्र घरं, झरे आणि नद्या, हेन्दाइयात मी वेडा झालोय, डोळे टक्क उघडे ठेवून.

पुढची ओळ बहुतेक जण विसरून जातात : तो बघा स्पेन, याहून चांगली भूमी साऱ्या युरोपात नाही. बास्क हक्कांचं सर्वांत मोठं गाणं लिहिणाऱ्यानंच ही ओळ लिहिली. आजच्या चष्म्यातून ती गैरसोयीची आहे. १८७७ च्या माणसाला बास्क असणं आणि स्पेनचा असणं एकाच गाण्यात बसवता येत होतं एवढंच त्यावरून म्हणता येतं.

फ्रान्सच्या बाजूलाही अशी दोन गाणी आहेत. टेकडीवरच्या पांढऱ्या छोट्या घराचं गाणं सारा गावच्या जाँ-बातिस्त एलिसाम्बुरूचं (१८२८–१८९१). सुबेरोआचा निरोप घेण्याचं गाणं एचाहुन-इरुरीचं (१९०८–१९७९); गाव सोडून पॅरिसला कामाला गेलेल्या पोरांचा गळा त्यानं अजूनही दाटतो. पक्ष्याचं गाणं त्याहून नवं आहे : होशेआन आर्त्सेची १९५७ ची कविता, मिकेल लाबोआची चाल.

८. सर्वांत जुनं गाणं कोणतं? त्यात डोंगर आहे का?

सगळ्यांत जुनं कोणतं हे ठरवणं अवघड, पण बेरेतेरेचचा पोवाडा पंधराव्या शतकातल्या घटनेवरचा आहे. घटना १४३४ ते १४४९ यांच्या दरम्यानची मानतात. लेरिनच्या सरदारानं सुबेरोआतल्या बेरेतेरेच या तरुणाला रात्री घराबाहेर बोलावून नेऊन मारलं, एवढीच कथा.

ते सुरू होतं ते एका कोड्यासारख्या ओळीनं : आल्डरच्या झाडाला गाभा नसतो, ताज्या चीजला हाडं नसतात. मग, मला वाटलं नव्हतं थोरामोठ्यांची माणसं खोटं बोलतात. पुढे दरी येते. आन्दोसेची दरी, काय लांबच लांब दरी! हत्याराविना तिनं तीनदा माझं काळीज कापलं. बेरेतेरेचची आई मारी-सान्त्स लेकाला वाचवायला पाच डोंगर उतरत धावत सुटते, आणि लाकारी गावातल्या घरात गुडघ्यांवर रांगत शिरते. शेवटाकडे एस्पेल्दोई घराण्याची मुलगी मार्गारिता बेरेतेरेचचं रक्त ओंजळीनं गोळा करत असते.

डोंगर या गाण्यात आईच्या पायांनी मोजला आहे. भूगोल अचूक असल्यामुळे गाणं हातात घेऊन ती वाट आजही चालता येते.

९. डोंगर चढणं आणि बास्क राष्ट्रवाद यांचा संबंध कधी जुळला?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि शहरात. बिल्बाओच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम करणारे तरुण रविवारी गटानं डोंगरावर जाऊ लागले. राष्ट्रवादी पक्षाशी जोडलेल्या डोंगरभटक्यांच्या संघटना निघाल्या, चालताना म्हणायची गाणी रचली गेली. १९२४ मध्ये एल्गेता इथे गिर्यारोहकांचा महासंघ स्थापन झाला. नेमून दिलेली शंभर शिखरं चढण्याची स्पर्धा आणि शिखरावरच्या लोखंडी टपालपेटीत आपली चिठ्ठी ठेवायची प्रथा याच वातावरणातली.

या काळाचा कवी लाउआशेता. त्यानं डोंगरभटक्याच्या तोंडी घातलेल्या गीतात, स्वातंत्र्य प्रिय असेल तर सर्वस्व द्यावं लागतं, या अर्थाची ओळ आहे. २५ जून १९३७ रोजी स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या सैन्यानं गास्तेइस शहरात त्याला गोळ्या घातल्या. तेव्हापासून ती ओळ नुसती कविता राहिली नाही.

‘डोंगर म्हणजे बास्क आत्मा’ ही भाषा मुख्यतः या थरातली आहे. ती खोटी म्हणता येणार नाही, नवी म्हणता येईल. ती मेंढपाळांच्या तोंडी घालणाऱ्या लेखांपासून मात्र जरा सावध राहा.

१०. फ्रँकोच्या काळात ही गाणी म्हणायला बंदी होती का?

भाषा शाळेतून, कचेरीतून, मुलांच्या नावांतूनसुद्धा हद्दपार झाली होती. गाणी पूर्णपणे कधीच थांबली नाहीत. चर्चमधले आणि शहरांतले वृंद निरुपद्रवी वाटणारी गाणी गात. बाकीची गाणी घरात किंवा डोंगरावर. शिखरावर पोलीस कमी आणि वारा जास्त. तिथे बंदी घातलेला झेंडाही निघे. तो झेंडा कायदेशीर झाला १९७७ मध्ये. त्याआधी, १९६६ ते १९७२ या काळात, लाबोआ, शाबियेर लेते, लूर्देस इरिओन्दो, बेनितो लेर्चुन्दी वगैरे मंडळींच्या गटानं जुन्या चाली तरुणांच्या सभागृहांत आणल्या.

११. शीघ्रकवींची रचना लोकगीतात धरायची का? ती तर दर वेळी नवी असते.

चाल जुनी, शब्द त्या क्षणाचे. बेर्त्सोलारी म्हणजे दिलेल्या विषयावर, दिलेल्या चालीत, यमक सांभाळून जागच्या जागी पद रचून गाणारा. मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी चार वर्षांनी होते आणि ती ऐकायला हजारो लोक येतात. २००९ मध्ये माइआलेन लुहान्बिओ ही पहिली स्त्री विजेती झाली.

डोंगराच्या बाजूनं पाहायचं तर शाल्बादोर. खरं नाव फेर्नांदो आइरे, १९२० चा जन्म, फ्रान्सच्या बाजूच्या उरेपेल गावचा मेंढपाळ. १९६७ मध्ये दोनोस्तिया (सान सेबास्तियान) शहरातल्या स्पर्धेत तो अंतिम फेरीच्या शेवटच्या जोडीत आला, तेव्हा प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून त्याला जवळजवळ गाऊ दिलं नाही. त्याची पलीकडची बोली त्यांच्या कानाला परकी वाटत होती. त्यानं तिथल्या तिथे पद रचलं, त्याचा आशय असा की तुम्ही खूश नसाल तर दोष माझा नाही, शिट्ट्या वाजवल्यात तरी माझा तुमच्यावर अजून जीव आहे. शिट्ट्यांच्या टाळ्या झाल्या. १९७६ मध्ये उरेपेलला त्याचा सत्कार झाला त्याच दिवशी तो गेला.

१२. सगळी बास्क लोकगीतं बास्क भाषेतच असतात का?

नाही, आणि प्रश्न २ मध्ये म्हटलेला अपवाद हाच. दक्षिण नाफारोआत जोता हा गानप्रकार जोरात आहे आणि तो स्पॅनिशमध्ये गातात. पिरेनीजमधल्या एरोन्कारी खोऱ्यात तर बास्कची स्वतंत्र बोली होती. तिची शेवटची बोलणारी बाई १९९१ मध्ये वारली. खोरं तेच, मेंढ्या त्याच. दर १३ जुलैला सरहद्दीवर फ्रान्सकडच्या शेजाऱ्यांकडून तीन गाई घेण्याचा १३७५ पासूनचा करारही चालू आहे. गाणी मात्र स्पॅनिशमध्ये. ती माणसं बास्क की नाही, याचं उत्तर नाफारोआत कोणाला विचारता त्यावर ठरेल.

१३. ओलेन्त्सेरो कोण? नाताळच्या गाण्यात तो डोंगरावरून का येतो?

तो कोळसेवाला. गाण्याप्रमाणे तो कोळसा पाडायला डोंगरात गेलेला असतो, येशू जन्मल्याचं कळतं आणि बातमी द्यायला धावत खाली येतो. लाकडाच्या भट्ट्या लावून रानात एकटं राहणारी, काजळी माखलेली माणसं खरोखरच होती. लेसाका आणि आसपासच्या नाफारोआतली ही प्रथा गेल्या काही दशकांत सगळ्या बास्क मुलखात पसरली, आणि आता २४ डिसेंबरला मुलांना भेटी तोच देतो. सामानात कोळसा असतोच.

१४. आणि समुद्र? बास्क लोक तर देवमाशांचे शिकारी होते.

होते, आणि समुद्राची गाणीही भरपूर आहेत. वल्हव रे वल्हव, दूर इंडीजला जायचंय, अशा अर्थाचं खलाशाचं गाणं ओन्दारोआच्या किनाऱ्याचा निरोप घेतं. या पानाचा विषय डोंगर असल्यामुळे इथे एवढंच.

१५. गोव्याचे सेंट फ्रान्सिस झेवियर बास्क होते असं ऐकलं. खरं का?

खरं. १५०६ मध्ये नाफारोआतल्या झेवियरच्या गढीत जन्म. आईचं घराणं बास्तान खोऱ्यातलं. १५४२ मध्ये ते गोव्यात आले. दक्षिणेतल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांबद्दल १५४४ च्या पत्रात त्यांनी लिहिलं आहे की त्यांची मातृभाषा मलबारी आणि माझी बिस्कायी, त्यामुळे एकमेकांचं बोलणं समजत नव्हतं. ‘बिस्कायी’ हे त्या काळी बास्क भाषेचं नाव. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूमध्ये ज्यांचं शव आहे त्यांची आईची भाषा ही होती. या पानावरच्या गाण्यांशी मात्र त्यांचा थेट संबंध नाही.

१६. अमेरिकेतल्या बास्क मेंढपाळांनी गाणी नेली का?

नेली, पण त्यांची सर्वांत बोलकी निशाणी झाडांवर आहे. नेवाडा, कॅलिफोर्निया, आयडाहोच्या डोंगरांत महिनोन्‌महिने एकटे राहणाऱ्या या लोकांनी अ‍ॅस्पेनच्या पांढऱ्या सालीवर चाकूनं नावं, तारखा, गावं आणि बाया कोरल्या. त्यांतल्या अनेकांनी घरी कधी कळप राखलेला नव्हता; मेंढ्यांचं काम ते तिथे शिकले.

१७. ऐकायला सुरुवात कुठून करू? आणि कार्यक्रमात ही गाणी म्हणायला परवानगी लागते का?

आधी पांढरं कबुतर, मग आहुस्की, मग बेरेतेरेच; आणि शक्यतो एकट्या आवाजातलं ध्वनिमुद्रण निवडा. मोठ्या वृंदगायनात चाल गोड होते आणि खडबडीतपणा जातो. वाचायचं असेल तर गाणी गोळा करणाऱ्यांची दोन नावं : आस्कुए आणि आइता दोनोस्तिया. १९१२ मध्ये चार प्रांतांनी लोकगीतसंग्रहाची स्पर्धा लावली, त्यात आस्कुए पहिले आणि दोनोस्तिया दुसरे आले. आस्कुएंच्या छापील संग्रहात हजारावर गाणी आहेत. एरेन्तेरिया गावातल्या एरेसबिल या संगीत अभिलेखागारातही बरंच काही सापडेल.

परवानगीचं म्हणाल तर पारंपरिक गाण्यांना लागत नाही. इपारागिरे आणि एलिसाम्बुरूही मोकळे आहेत. एचाहुन-इरुरी मात्र नाही : भारतात हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे २०३९ अखेरपर्यंत. दोनोस्तिया १९५६ मध्ये वारले, त्यामुळे त्यांनी केलेली वृंदरचना भारतात मोकळी आहे. स्पेनमध्ये मात्र १९८७ च्या आधी गेलेल्यांना ८० वर्षांचा नियम लागतो. कार्यक्रमाचं चित्रण जगभर दिसेल अशा ठिकाणी टाकणार असाल तर हा फरक आधी तपासून घ्या.